तेलाचं बोट

चिठ्ठी उघडली, सतरा नंबर निघाला, आणि मी ओळीत बसलेल्या पोरींमध्ये सतरा नंबर शोधायला लागले. सोलापुरातलं मंगल कार्यालय माणसांनी खच्चून भरलेलं. भिंतीला लागून चोवीस खुर्च्या, चोवीस आरसे, आणि प्रत्येक खुर्चीत कॉलेजातली एकेक पोरगी, गळ्यात नंबराचा पुठ्ठा अडकवून बसलेली. सोळा नंबरची वेणी मनगटाएवढी जाड होती. अठरा नंबरचे केस इतके दाट, की फणी घातली तर फणीच मोडावी. आणि या दोघींच्या मधे माझी सतरा नंबर.

तिच्या केसांत मी बोटं घातली आणि हातात काही आलंय की नाही तेच मला कळेना. बारीक, तलम केस. वरून नागमोडी. धड कुरळे नाहीत, धड सरळ नाहीत, आणि एकमेकांशी पटत नसल्यासारखे चहूकडे पांगलेले.

माईकवरून काम सांगितलं गेलं. केस सरळ करायचे, वेळ पाऊण तास. पण नुसते सरळ नकोत, भरदार दिसले पाहिजेत, टाळूला चिकटता कामा नयेत. शेवटची घंटा झाल्यावर दहा मिनिटं कुणी केसांना हात लावायचा नाही, आणि मग पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई फणी फिरवून बघणार. सोळा नंबरच्या मागे उभ्या राहिलेल्या बाईनं माझ्या पोरीच्या डोक्याकडे एकदा पाहिलं आणि जिभेनं 'च्' केलं. कीव केली माझी. कीव मला आजही सोसत नाही, तेव्हा तर तरुण रक्त होतं.

पोरगी आरशातून माझ्याकडे बघत होती. नाव विचारलं तर श्रीलता म्हणाली. सोलापूरच्या पूर्व भागातली, पद्मशाली विणकरांच्या घरातली, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला.

"अक्का, आधीच सांगते," ती हळूच म्हणाली, "माझे केस कुणालाच जमत नाहीत. ताईच्या लग्नात सरळ केले होते. सगळे म्हणाले, पावसात भिजून आलीस का?"

मी म्हटलं, बघू. दुसरं काय म्हणणार? आणि मागे वळून तिसऱ्या रांगेत पाहिलं. तिथे माझे सासरे बसले होते. डोक्यावर पांढरी टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर, चेहरा असा की जणू कुणाच्या दहाव्याला आलेत.

आता हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, की मी तिथे कशासाठी उभी होते. बार्शीत आमचं केशकर्तनालय. धोंडीराम बिडवे म्हणजे माझे मामंजी, त्यांच्या वडिलांनी काढलेलं दुकान. त्यात दोन खुर्च्या. पहिली मामंजींची. दुसरी माझ्या नवऱ्याची होती, पण त्याला एसटीत कंडक्टरची नोकरी लागली आणि त्यानं वस्तरा खाली ठेवला तो ठेवलाच. त्याला आता आठ वर्षं झाली होती. आठ वर्षं त्या दुसऱ्या खुर्चीवर जुनी वर्तमानपत्रं आणि टॉवेलांचा ढीग बसलेला. मामंजींनी ती ना विकली, ना कुणाला दिली.

मी नगरपालिकेचा सहा महिन्यांचा ब्यूटी पार्लरचा कोर्स केला होता. स्वयंपाकघरात स्टूल टाकून बायकांच्या भुवया करायचे, केस कापायचे. बायका मागच्या दारानं येत, चोरासारख्या. केस कापताना कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आणि नंतर भाताच्या पातेल्यात केस गेलाय का ते बघायचं. कंटाळा आला होता मला. मी एकच मागत होते. दुपारी बारा ते चार दुकान रिकामंच असतं, तेवढ्या वेळात मधे पडदा लावून ती दुसरी खुर्ची मला द्या.

मामंजी ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. दुकानात बाई उभी राहिली तर गिऱ्हाईक पायरी चढायचं नाही, एवढंच म्हणाले आणि वस्तऱ्याला धार लावायला बसले. नवऱ्यानं माझ्या बाजूनं बोलून पाहिलं, तर त्याला म्हणाले, तू खुर्ची सोडलीस, तुला त्यात बोलायचा हक्क न्हाई. झालं. विषय संपला.

तो विषय परत उकरून काढला त्यांच्या मित्रांनीच. आमच्या समाजाच्या केशरचना स्पर्धेचं पत्रक आलं, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच त्यात बायकांचा गट होता. चहाच्या टपरीवर कुणीतरी मामंजींना डिवचलं की धोंडीराम, तुझी सून तर शिकलेली आहे, पाठव की. की घरातली अब्रू जाईल म्हणून भितोस? मामंजींना राग आला. आणि रागाच्या भरात ते सहा माणसांसमोर बोलून गेले. अनसूयेनं नंबर आणला तर दुसरी खुर्ची तिची. नाही आणला तर हा विषय माझ्या घरात परत निघणार नाही.

मामंजींचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. हे मला ठाऊक होतं आणि त्या सहा जणांनाही. म्हणजे पहिल्या तिघींत आले तर खुर्ची, नाहीतर जन्मभर स्टूल आणि कुकर.

स्पर्धा सोमवारी. सोमवार आमची सुट्टी, त्या दिवशी कात्रीला हात लागत नाही, म्हणून समाजाचं सगळं सोमवारीच ठरतं. निघताना मामंजींनी माझ्या पिशवीत एक लहानशी बाटली टाकली. खोबरेल तेल. आमच्या दुकानाची रीतच होती ती. दाढी असो, कटिंग असो, पोराचं जावळ असो, काम झालं की तळहातावर तेलाचं एक बोट घ्यायचं, दोन्ही हात चोळायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून फिरवायचे. ते केल्याशिवाय माणसाला उठू द्यायचं नाही.

"शेवटी तेलाचं बोट इसरू नको," मामंजी म्हणाले. "बिडव्याच्या हाताखालनं आजवर कोरडं डोकं उठलेलं न्हाई."

मी बरं म्हटलं. मनातून मला बरंही वाटलं. म्हटलं, बिडव्यांच्या हातांत माझाही हात मोजला की मामंजींनी.

घंटा झाली. मी कोर्समध्ये शिकवलं होतं तसं चालू केलं. केस पाण्याच्या फवाऱ्यानं ओले करून टॉवेलनं टिपले. भांग पाडला, केसांचे भाग पाडले, गोल ब्रशवर एकेक बट घेतली आणि ड्रायर मुळापासून टोकापर्यंत खाली खाली ओढत आणला. बाई शिकवायच्या, ओढ चांगली बसली पाहिजे, ओढीशिवाय केस सरळ होत नाही. मी ओढ दिली. हात दुखेपर्यंत दिली. वीस मिनिटांत सगळे केस सरळ झाले. एक नागमोड शिल्लक राहिली नाही.

आणि डोकं? डोकं उरलंच नाही. कवटीला लेप दिल्यासारखे केस चिकटून बसले. कानाच्या दोन्ही पाळ्या केसांतून बाहेर आल्या, टाळू भांगातून लख्ख दिसायला लागली. आधी ती पोरगी गोड तरी दिसत होती, आता आजारातून उठल्यासारखी दिसत होती.

श्रीलतानं आरशात बघितलं. रडली नाही, चिडली नाही. नुसतं म्हणाली, "असंच होतं अक्का. तुमचा दोष नाही."

हे वाक्य मला इतकं लागलं की काय सांगू. पोरगी मला समजून घेत होती. शेजारच्या बाईनं परत 'च्' केलं. तिची सोळा नंबर तोवर अर्धी होत आली होती. ती केस उलट्या फणीनं आतून पिंजून, गुंता करून फुगवत होती आणि वरून फवारा मारत होती. वरून झकास दिसत होतं.

मी आरशातून तिसऱ्या रांगेत पाहिलं. मामंजी माझ्याकडे बघत नव्हते. ते श्रीलताच्या डोक्याकडे बघत होते. आणि ती नजर मी ओळखत होते. दुसऱ्या कुणाकडून कापून घेऊन, डोकं बिघडवून कुणी आमच्या दुकानात आलं की मामंजी त्या डोक्याकडे असंच बघायचे. माणसाकडे नाही. डोक्याकडे. कुणी केलं रे हे, असं.

संताप आला मला. त्यांचा नाही, माझाच. पंधरा वर्षं मी त्या घरात होते. दुकान आणि घर यांच्यामधे एक पडदा, आणि पडद्याच्या अलीकडे माझी मोरी, जिथे मी दुकानाचे टॉवेल धुवायचे. त्या पडद्याला मधे एक फट होती. पंधरा वर्षं मी टॉवेल पिळता पिळता त्या फटीतून मामंजींचे हात बघितले होते. आणि या घडीला मी काय करत होते? सहा महिन्यांचा कोर्स आठवत होते.

मामंजींचं नाव बार्शीत कशासाठी होतं माहीत आहे? फुग्यासाठी. जुन्या काळी तरुण पोरं कपाळावर केसांचा फुगा काढायची ना, तो. फॅशन गेली, पोरं म्हातारी झाली, पण मामंजींची काही गिऱ्हाइकं शेवटपर्यंत फुगाच काढून घ्यायची. त्यांत एक गायकवाड म्हणून बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. डोक्यावर केस मोजून घ्यावेत इतके, तेही कापसासारखे बारीक. पण मामंजींच्या खुर्चीवरून उठले की फुगा असा, की बघणाऱ्याला वाटावं, काय दाट केस आहेत या माणसाचे. आणि तो संध्याकाळपर्यंत पडायचा नाही.

ते कसं करायचे? केस ज्या अंगाला पडायचे असतील त्याच्या उलट अंगाला आधी घ्यायचे. मागे न्यायचे असतील तर सगळे पुढं, डोळ्यांवर. मग गरम टॉवेल फक्त मुळाशी दाबायचा. टोकांना काही करायचं नाही. टॉवेल काढला की तळहात मुळाशी ठेवून केस वर उचलून धरायचे आणि तसेच धरून बसायचे. बोलायचं, पानाचा तुकडा चघळायचा, पण हात काढायचा नाही. एकदा माझ्या नवऱ्यानं शिकताना घाईनं हात काढला होता तेव्हा त्याला सांगितलेलं मी फटीतून ऐकलं होतं.

"गरम केस कुणाचंबी ऐकतो रे. गार झाल्यावर ऐकंल त्यो खरा."

मी घड्याळ बघितलं. पंचवीस मिनिटं उरली होती. फवाऱ्याची बाटली उचलली आणि श्रीलताचं अख्खं डोकं परत ओलं केलं. वीस मिनिटांचं काम दोन मिनिटांत पाण्यात गेलं. शेजारच्या बाईचा हात थांबला. श्रीलता दचकून म्हणाली, "अक्का?"

"मान खाली घाल," मी म्हटलं. "गुडघ्याकडे बघ. आणि आता मी सांगेपर्यंत वर बघायचं नाही."

ब्रश बाजूला ठेवला. नुसती बोटं. केस सगळे पुढं, तिच्या तोंडावर घेतले. मुळाशी बोटं घालून उचलायचं, ड्रायर खालून, मुळाच्या उलट अंगानं, आणि उष्णता मध्यम. मग ड्रायर बंद करून हात तसाच धरून ठेवायचा. गार होईपर्यंत. मनात आकडे मोजत होते, वीसपर्यंत. मग पुढची जागा. उजवीकडचे केस डावीकडे, डावीकडचे उजवीकडे. वरचे पुढं, मागचे वर. सगळं उलटं. ज्या अंगाला ते केस जन्मभर बसत आले होते, तिकडं मी त्यांना बसूच दिलं नाही.

सगळ्यांत अवघड होतं ते हात धरून ठेवणं. आजूबाजूला तेवीस ड्रायर घोंघावतायत, घड्याळ पळतंय, आणि मी हातात चिमूटभर केस धरून नुसती उभी. लोकांना वाटलं असेल, या बाईला काही सुचेनासं झालंय. पण मी हात काढला नाही. मामंजींचा तळहात गायकवाडांच्या डोक्यावर जसा असायचा तसाच माझा त्या पोरीच्या डोक्यावर होता.

मुळं वाळली तेव्हा आठ मिनिटं उरली होती. तिला मान वर करायला सांगितली. डोकं असं फुगलं होतं की ती हसायलाच लागली. मी म्हटलं, हस नंतर. आता ब्रश घेतला, पण फक्त कानाच्या खाली. चार बोटं मूळ सोडून द्यायचं, त्याला आता ओढ नाही, ताप नाही. खालची लांबी तेवढी बारीक बटा घेऊन सरळ करायची, आणि बट खाली ओढायची नाही, वर धरून वाळवायची आणि गार झाली की सोडायची. एकेक बट सोडली की ती खाली यायची आणि सरळ राहायची, आणि वर मुळाशी तो उठाव तसाच. भांग सगळ्यांत शेवटी पाडला, तोही फणीच्या टोकानं, हळूच.

दोन मिनिटं उरली. माझा हात सवयीनं पिशवीत गेला.

बाटली हातात आली तेव्हा मी झाकण उघडलंही होतं. तळहातावर बोट टेकवणार, तेवढ्यात मी थांबले. समोर ते केस. तलम, कोरडे, हलके, आपापल्या पायावर उभे असलेले. या केसांवर तेलाचा थेंब पडला की खेळ खलास. पाच मिनिटांत परत टाळूला चिकटले असते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, कोर्समध्ये नव्हतं, मामंजींच्या तोंडी तर कधीच नव्हतं. हे मला माझ्या बोटांनी सांगितलं.

मी आरशातून पाहिलं. मामंजी आता सरळ माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे आणि बाटलीकडे. एकदा मनात आलं, नुसते हात चोळल्यासारखं करावं. लांबून काय कळतंय. पण डोक्याला हात लावताना मी खोटं वागले असते, तर त्या पंचवीस मिनिटांचा काय अर्थ राहिला असता? मी झाकण लावलं. बाटली परत पिशवीत ठेवली, त्यांच्या देखत. खुर्ची गेली तर गेली, म्हटलं. हे डोकं मी चपटं बसवणार नाही.

घंटा झाली.

ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. चोवीस पोरी नवऱ्या मुलींसारख्या गप्प बसलेल्या आणि वर पंखे गरगरतायत. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला एकीचे केस परत वळायला लागले. दुसरीचे चपट झाले. मी श्रीलताच्या भांगावरून नजर हटवली नाही. उभे होते. आठव्या मिनिटालाही उभे होते.

परीक्षक बाई आल्या. सोळा नंबरला त्यांनी फणी घातली ती आतल्या गुंत्यात अडकली, पोरीनं 'आई गं' केलं. बाईंनी फणी हळूच सोडवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडे. मुळापासून टोकापर्यंत फणी एका दमात निघून आली. त्यांनी परत फिरवली. मग श्रीलताला डोकं जोरात हलवायला सांगितलं. केस हलले आणि जागच्या जागी परत आले, सरळ, आणि भरदार. बाईंनी वाकून मुळाशी बघितलं, कुठं पिंजलंय का म्हणून.

"तुझे केस मुळात दाट आहेत का गं?"

"मुळात काहीच नाहीत, मॅडम," श्रीलता म्हणाली.

त्या हसल्या. मला विचारलं, ही उलटी पद्धत कुठं शिकलात? कुणाच्या क्लासला? माईकवाला माणूस मागे उभाच होता, त्यानं माईक माझ्या तोंडासमोर धरला.

मी माईककडे तोंड नेलं. "क्लासला नाही. माझ्या सासऱ्यांकडे. धोंडीराम बिडवे, बार्शी. ते तिसऱ्या रांगेत बसलेत."

सगळं कार्यालय मागे वळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामंजींनी टोपी काढली नाही, उठले नाहीत, हात जोडले नाहीत. चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. इतका वेळ पुसत होते की शेजारच्यानं त्यांना विचारलं, काय गेलं डोळ्यात.

माझा दुसरा नंबर आला. पहिला लातूरच्या एका पोरीला, आणि तिचं काम खरंच देखणं होतं, मी नाव ठेवणार नाही. श्रीलता जाताना मला बिलगली. सारखी आपल्याच केसांत बोटं घालून बघत होती, आणि हाताला काहीतरी लागतंय म्हणून हसत होती. तिला म्हटलं, तेल लावू नकोस आज. आणि हे बोलताना माझीच जीभ अडखळली, कारण मामंजी मागे येऊन उभे होते.

बार्शीच्या गाडीला कंडक्टर आमचेच हे. त्यांनी मुद्दाम ती फेरी मागून घेतली होती. गाडीत चढताच त्यांनी डोळ्यांनीच मला विचारलं. मी काही बोलायच्या आत मामंजी म्हणाले, दोन बार्शी. यांनी विचारलं, आबा, काय झालं? तर म्हणाले, आधी तिकीट दे. यांनी मुकाट्यानं तिकिटं फाडली आणि पुढं गेले.

वाटेतलं वैराग गाव येईपर्यंत मामंजींनी तिकिटं मुठीत धरून ठेवली होती. मी मांडीवर पिशवी धरून बसले होते आणि पिशवीत ती भरलेली बाटली होती. नंबर आला होता, शब्दाप्रमाणे खुर्ची माझी होती. पण दुकानाची रीत मी त्यांच्या डोळ्यांदेखत मोडली होती, आणि असल्या खुर्चीवर मला बसायचं नव्हतं. वैराग गेल्यावर ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मी तुला कवा शिकवलं?"

"पडद्याला फट आहे, मामंजी."

त्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "त्याल लावलं न्हाईस."

"नाही लावलं."

"का?"

"फार बारीक केस होते. तेलानं बसले असते."

त्यांनी नुसती माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे नजर टाकली. बार्शीचं स्टँड आलं तसे उतरून पुढं चालू लागले. घरी आल्यावर जेवले, झोपले. यांना मी सगळं सांगितलं तर म्हणाले, आबा शब्द मोडायचे नाहीत गं. पण रीत मोडल्याचं माझ्या मनाला लागून राहिलं होतं.

सकाळी दुकान उघडल्याचा आवाज आला. मी नेहमीसारखा चहा घेऊन पडद्यापाशी गेले. पडदा बाजूला केला आणि कप हातात तसाच राहिला. दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं गेली होती. टॉवेल गेले होते. खुर्ची धुतलेली होती, तिचं पुसट झालेलं हिरवं कातडं ओलं चमकत होतं. आणि त्या खुर्चीत मामंजी बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली.

पंधरा वर्षांत मी त्यांचं डोकं उघडं पाहिलं नव्हतं. सुनेसमोर ते टोपी काढायचे नाहीत. आपले केस ते गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एका जुन्या मित्राकडे कापून घ्यायचे, पोटच्या पोराला कधी डोक्याला हात लावू दिला नव्हता. माझी नजर त्यांच्या डोक्यावर गेली. पांढरे, बारीक, तलम केस. नागमोडी. जन्मभर तेल लावून लावून टाळूला चिकटवून ठेवलेले.

"बघत काय बसलीस," ते आरशातून म्हणाले. "गिऱ्हाईक बसलंय."

मी कप ठेवला. त्यांच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मी कात्री चालवली. मग केस पुढं घेतले, गरम टॉवेल मुळाशी दाबला, तळहात ठेवला, आणि गार होईपर्यंत हात काढला नाही. त्यांनीही मान हलवली नाही. समोरच्या रस्त्यानं दोन ओळखीची माणसं जाताना थबकली, आत डोकावली, आणि पुढं गेली. काम झालं तेव्हा आरशात माझे सासरे दहा वर्षांनी तरुण दिसत होते.

मी सवयीनं बाटली घेतली. त्यांच्यासाठी तरी रीत पाळावी, असं मला मनापासून वाटलं. तळहात पुढं केला आणि बोट बुडवणार, तर त्यांनी कापडाखालून हात काढून माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," मामंजी म्हणाले. "बारीक केस हाईत. बसतील."

मी झाकण लावलं. ते उठले, आपल्या खुर्चीकडे गेले, आणि त्या दिवशी त्यांनी दुपारपर्यंत टोपी घातली नाही.